दोनशेवी

तपासनीस धाकटीपाशी आला, तिच्याकडे बघून ओळखीचं हसला, आणि त्याचा अंगठा काही हलला नाही.

एवढंच झालं. त्याच्या मुठीत मोजणीचं यंत्र होतं. माणूस दिसलं की अंगठ्याने दाबायचं, टिक् व्हायचं आणि यंत्राच्या इवल्याशा खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकायचा. साडेनऊपासून ते टिक् टिक् शेडभर चाललं होतं. शिलाईच्या सहा रांगा झाल्या, मागच्या उसवणीच्या चार झाल्या, काजवाल्या झाल्या, इस्त्रीवाल्या झाल्या, दाराजवळ चिंध्या निवडणारी म्हातारी मामी झाली. मामीला तर तिच्या डोक्यावर वाकून त्याने टिक् केलं. आणि शेवटी काचेच्या खोलीच्या दाराशी, हजेरीचं पुस्तक छातीशी धरून उभ्या असलेल्या धाकटीपाशी तो थांबला, हसला आणि यंत्र खिशात टाकायला लागला. धाकटीला वाटलं, बटण अडकलं असेल. सर्दीने बेजार झालेला माणूस, एकदा नाक पुसायचं, एकदा माणूस मोजायचं, होतं असं. "एक राहिलं वाटतं," ती म्हणाली. "कोण राहिलं?" त्याने वळून रांगांकडे पाहिलं. "मी," ती म्हणाली आणि उगीचच हसली. तपासनिसाने रुमाल नाकाला लावला. "तुम्ही कशा? तुम्ही साक्षीदार. हजेरी तुमची, कागदाखाली सही तुमची. साक्षीदार मोजायचा नसतो, बाई. नियमच आहे तसा." आणि तो शिंकला.

हजेरीच्या पुस्तकात दोनशे नावं होती, मोजून दोनशे, आणि त्यातलं पहिलं नाव तिचं स्वतःचं होतं. रोज सकाळी शेडचं कुलूप निघालं की सगळ्यांच्या आधी ती स्वतःची हजेरी लावायची, तेवढाच एक मान. मागच्या तीन वर्षांत मोजणीला नावं दोनशे दहा-बारा तरी असायची. एक इकडे एक तिकडे झालं तरी कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. यंदा माणसं गळत गेली. कुणी नवऱ्याच्या बदलीने, कुणी कंटाळून. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी विचारलं होतं, "नक्की किती उरल्या?" आणि ही ताठ मानेने म्हणाली होती, "दोनशे. एक कमी नाही, एक जास्त नाही." साहेबांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, नवी बाई घेतली नाही. आता घ्यायची म्हटलं तरी नाव महिनाभर आधीपासून पुस्तकात हवं. सगळं गणित बरोबर होतं, फक्त मोजणारी स्वतःला धरून बसली होती. एकशे नव्याण्णव. तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. खिडकीजवळच्या मशीनवर तिची ताई बसली होती, दोन्ही हात कापडावर, मान किंचित कलंडलेली, ओठांवर निळसर छटा. आज सकाळी आठ वाजता ताई इस्पितळातल्या खाटेवर असायला हवी होती.

सरकारचं म्हणणं तसं सरळ होतं. कंपन्या काम उचलून समुद्रापलीकडे नेतात आणि घरची माणसं हात चोळत बसतात, तर तसं होऊ नये. जी कंपनी निदान दोनशे माणसं देशातल्या देशात कामावर ठेवील तिला करात घसघशीत सूट. यात वाईट काय आहे? ऐकणाऱ्याला बरंच वाटेल. कंपनीलाही बरं वाटलं. तिने काम समुद्रापलीकडे नेलं आणि माणसं इथे ठेवली. चांगली मशीनं खोक्यांत भरून गेली, कटिंग मास्तर तिकडच्या पोरींना शिकवायला गेला तो तिकडचाच झाला, आणि इथे उरली खडखडणारी जुनी मशीनं आणि या बायका. पण कायद्यात लिहिलं होतं की माणसं प्रत्यक्ष कामात गुंतलेली दिसायला हवीत. मग काम काढलं. पुढच्या सहा रांगांनी शर्टाच्या कॉलर शिवायच्या, मागच्या चार रांगांनी त्या उसवायच्या, उसवलेलं कापड इस्त्री होऊन पुन्हा पुढे यायचं. पहिले काही दिवस बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. "आधी शिवण्याचा पगार देत होते, आता बूड टेकण्याचा देतात, बढतीच झाली की गं!" असं काटकुळी म्हणायची. उसवणीतली ही बाई, अंगावर मांस नाही पण जीभ अशी की साहेबही तिला बघून वाट बदलत. मग हळूहळू हसू थांबलं. ताई घरी आली की धाकटीला म्हणायची, "चिमे, ती डागाची कॉलर आज पुन्हा आली माझ्याकडे. सतराव्यांदा. कोपऱ्याशी चहा सांडलाय ना, ओळखते मी तिला. जाळी झालीय गं कापडाची, सुई टेकवायला जागा नाही." ताईची शिलाई शेडमध्ये सगळ्यांत सुबक. उसवायला वेळ लागतो म्हणून मागच्या बायका तिच्यावर करवादायच्या, "जरा वाईट शिव की गं बाई, आमच्या बोटांची सालटी निघाली!" ताईला वाईट शिवता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत तेवढं तरी शिकायला काय हरकत होती, असं धाकटीला वाटायचं.

तपासनीस साहेबांच्या टेबलाशी जाऊन बसला होता. अजून त्याने आकडा मोठ्याने वाचला नव्हता. चष्मा पुसत होता. धाकटीला वाटलं, हा आता जन्मभर चष्माच पुसत बसला तर किती बरं. तिला एकदम ती बस आठवली. शाळेतून सगळ्यांना मोठी बाग बघायला नेलं होतं, आणि परतताना बाईंनी डोकी मोजली, बेचाळीस म्हणाल्या, बस सुटली. धाकटी बागेतल्या संडासात होती, आतून कडी अडकलेली. रडून रडून घसा बसला तेव्हा माळ्याने दार फोडलं. बाहेर रस्ता रिकामा. सात वर्षांच्या पोरीला तेव्हा जे कळलं ते पुढे कोणी काढून घेऊ शकलं नाही: आपण नसलो तरी आकडा पुरा होतो. बाईंनी कुणाला तरी दोनदा मोजलं होतं. बसमध्ये मागे बसलेल्या ताईच्या लक्षात आलं ते चार-पाच कोस गेल्यावर. ताई तेव्हा अकराची. ती ओरडली, बाई म्हणाल्या, "गप्प बस, मोजलेत मी." तर ताईने सरळ पुढे जाऊन ड्रायव्हरच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. बस थांबली. ताईच्या कानफटात बसली, पण बस मागे फिरली. बागेच्या फाटकाशी उतरून ताई धावत आली आणि तिने पहिलं काय केलं, तर धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. मग मिठी मारली. आई पुढच्याच वर्षी गेली. त्यानंतर चावायचं काम नेहमी ताईनेच केलं, आणि धाकटी मोजायला लागली. पायऱ्या, दिवे, माणसं, समोर येईल ते. दहावीनंतर ताई शिलाईत शिरली, धाकटीला मात्र तिने मशीनला हात लावू दिला नाही. "तू शिक. तू खुर्चीवर बसायचं." बसली धाकटी खुर्चीवर. काचेच्या खोलीत बसली, कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून, दोनशे बायकांचं येणं-जाणं तिच्या पेनाच्या टोकावर. कुणाला मधूनच बाहेर जायचं असेल तर फाटकावर दाखवायची चिठ्ठी तीच लिहिणार. हे सगळं ताईने चावून मिळवून दिलेलं. आणि या एका सर्दी झालेल्या माणसाने हसून सांगितलं, तुम्ही मोजायच्या नसता.

तिला राग आला. तपासनिसाचा आला, साहेबांचा आला, पण सगळ्यांत जास्त, लाज वाटावी इतका, ताईचा आला. यंदाच आजारी पडायचं होतं हिला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला दीड वर्ष झालं. ताई जिन्यात मध्येच थांबायची आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचल्यासारखं करायची. इस्पितळातल्या खाटेसाठी नाव घातलं, आणि खाट मिळाल्याचं पत्र आलं ते बरोबर चार दिवसांपूर्वी. तारीख आजची. सकाळी आठ. पाकीट धाकटीने फोडलं, घरी पत्रं तीच फोडते. तारीख वाचली आणि तिने काय केलं? ताईला हाक मारली? नाही मारली. ती दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत आली, दार लावलं आणि इस्पितळाला फोन केला. "मी पेशंटच बोलतेय," असं म्हणाली. ताईचा आवाज काढायला काही कष्ट पडले नाहीत, दोघींचा आवाज फोनवर सारखाच लागतो. "मला त्या दिवशी जमणार नाही." पलीकडची बाई म्हणाली, "पुढची खाट दोन महिन्यांनी मिळेल, चालेल? खूप लोक वाट बघतायत, ही दुसऱ्याला देऊन टाकू?" समोर काचेपलीकडे तिसऱ्या रांगेत ताई दोरा दाताने तोडत होती. "द्या," धाकटी म्हणाली.

ताईला पत्र दाखवलं ते त्यानंतर, रात्रीची भांडी विसळताना. ताईने हात पुसून ते दोनदा वाचलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की धाकटीला तिथून निघून जावंसं वाटलं. मग तारीख लक्षात आली. "अगं, त्या दिवशी मोजणी ना?" "हो ना," धाकटी म्हणाली, "तेच म्हणतेय मी." "मग कसं करायचं?" "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई. मी बोलले इस्पितळात, संध्याकाळपर्यंत खाट ठेवतो म्हणाले. मोजणी बारापर्यंत उरकेल. मी स्वतः नेते तुला." ताईने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. धाकटीने घाईघाईने पुढे रेटलं. "हे बघ, तू नाही आलीस तर एकशे नव्याण्णव. एकशे नव्याण्णवला सूट नाही. सूट नाही तर शेड बंद, दुसऱ्या दिवशी कुलूप. शेड बंद म्हणजे कंपनीचं उपचाराचं कार्ड बंद. मग कसली खाट आणि कसलं ऑपरेशन? तुझ्याचसाठी सांगतेय ना मी?" आणि ते खरंही होतं. हाच तर छळ होता, त्यातला शब्द न् शब्द खरा होता, एक संध्याकाळची खाट सोडली तर. ताई म्हणाली, "बरं बाई. तू म्हणतेस तर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "छातीत असं होतं ना चिमे, आतून कुणीतरी दोरा ओढतंय आणि सोडतंय. कधी कधी सोडायचं विसरतात." धाकटीने भांड्यांचा आवाज जरा मोठा केला.

"एकशे नव्याण्णव," तपासनिसाने वाचलं.

शेडमध्ये मशीनं थांबली. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. भला मोठा माणूस, पण त्याच्या कानशिलांवरून घाम असा वाहायला लागला की काटकुळीनेसुद्धा मान खाली घातली. "दोनशे आहेत," साहेब म्हणाले, "हजेरीबाईंनी लेखी दिलंय, दोनशे आहेत." तपासनिसाने शांतपणे सांगितलं. साक्षीदार सोडून दोनशे लागतात. नियमाने एक फेरमोजणी मागता येते, अर्ध्या तासाने, एकदाच. तिसरी नाही. तोवर बाहेरून कोणी आत यायचं नाही. जे आत आहेत आणि ज्यांचं नाव पुस्तकात आहे तेच धरले जातील. मग तो म्हणाला, "गरम पाणी मिळेल का जरा? घसा फार धरलाय." साहेब धाकटीकडे वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुम्ही स्वतःला मोजलंत?" आणि ते ज्या तऱ्हेने म्हणाले त्यात सगळं होतं: तुम्ही, म्हणजे तुम्ही, स्वतःला माणसांत धरलंत? समोरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. रोज हिच्यापुढे चिठ्ठीसाठी हात जोडणाऱ्या बायका.

डोकं चालायचं तेव्हा धाकटीचं फार चालायचं, एवढं मात्र खरं. दोन मिनिटं ती नखं कुरतडत उभी राहिली, मग साहेबांच्या कानाशी गेली. साक्षीदार बदलायचा. साहेबांचा ड्रायव्हर बाहेरच्या कंत्राटावरचा, त्याचं नाव या पुस्तकात नाही. सही त्याने करायची. मग धाकटी साक्षीदार उरत नाही, नाव तिचं पुस्तकात आहेच, ती कामाला बसली की झाले दोनशे. तपासनिसाने नियमांची पुस्तिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "चालेल. पण प्रत्यक्ष कामात गुंतलेल्या दिसल्या पाहिजेत हं. शिलाईच्या यादीत नाव आहे, तर मशीनवर." मशीन कुठे होतं? मशीनं तेवढीच, माणसं जेवढी; सोडून गेलेल्यांची केव्हाच भंगारात गेली होती. मग साहेबांना आठवलं, दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत कंपनीचं सगळ्यांत पहिलं मशीन ठेवलं होतं, हाताने चाक फिरवायचं, सोनेरी वेलबुट्टीचं, शोभेचं. पेटीची किल्ली धाकटीकडेच. ड्रायव्हरने ते काळं धूड उचलून आणलं. ठेवायला जागा एकच होती: तिसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी, ताईच्या उजव्या हाताला, जिथलं चांगलं मशीन समुद्रापार गेलं होतं आणि फळीवर नुसतं चौकोनी भोक उरलं होतं. ते भोक आडवी पाटी टाकून झाकलं. धाकटी ताईशेजारी जाऊन बसली. कितीतरी वर्षांनी अशी लागून बसली होती. ताईच्या अंगाचा वास आला, मशीनच्या तेलाचा आणि खाली काहीतरी आंबूस, ओलसर, तापाच्या माणसाला येतो तसा.

"काय गं, कामाला लागलीस का शेवटी?" ताई म्हणाली. हसायला गेली पण श्वास मध्येच तुटला. कपाळावर घाम होता, थंडगार. "चिमे, मला चिठ्ठी दे गं. नको, घरी नाही जात, नुसती बाहेर पायरीवर बसते. इथे हवा पुरत नाही." "अर्धा तास, ताई." "डावा हात गेल्यासारखा वाटतोय." "अर्धा तास. आत्ता तू उठलीस की पुन्हा एकशे नव्याण्णव. मी बसले त्याचा काय उपयोग मग?" ताईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच तर वाईट. लहान पोर हट्टाला पेटलं की मोठं माणूस बघतं तसं पाहिलं. "खाट ठेवली असेल ना गं त्यांनी?" तिने विचारलं. "ठेवलीय," धाकटी म्हणाली, "मघाशीच फोन केला होता." खोटं इतकं सहज निघालं की तिला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं, पांढरी चादर घातलेली रिकामी खाट तिला दिसलीसुद्धा. चिठ्ठ्यांचं पुस्तक तिच्या खिशातच होतं. पेनही होतं. दोन ओळी लिहायच्या आणि फाटकावरच्या माणसाने दार उघडायचं, समोर रिक्षा उभ्या असतात, इस्पितळ वीस मिनिटांवर. खाट नसली तरी दारात पडलेल्या माणसाला कोणी हाकलून देत नाही. हे सगळं तिला सुचलं. सुचलं नाही असं नाही. ती पुढे कधी कुणाला सांगेल की सुचलं नाही, तेव्हा ते खोटं असेल.

"अगं वेडे, दोरा कुठाय?" ताई म्हणाली. "कोरड्या सुईने शिवणार आहेस होय? तो काय आंधळा आहे?" तिने स्वतःच्या रिळाचा दोरा तोडला, टोक ओठांत ओलं केलं आणि त्या शोभेच्या मशीनच्या कड्यांतून, खाचांतून फिरवत आणलं. तिने हे मशीन कधी हाताळलं नव्हतं, पण हातांना ठाऊक होतं. सुईचं भोक तेवढं सापडेना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी धाकटीने तिचं मनगट खालून धरलं, तेव्हा दोरा ओवला गेला. ताईने समोरच्या ढिगातली एक कॉलर उचलून तिच्यापुढे सरकवली. कोपऱ्याशी चहाचा डाग होता. "ही घे. ही गरीब आहे, काही म्हणणार नाही. चाक आपल्याकडे फिरव, उलटं नको. घाई करू नको." तेवढं बोलून ती दमली आणि तिने पाठ मागे टेकली.

फेरमोजणी सुरू झाली. टिक्, टिक्. मशीनं एकदम घरघरायला लागली, सगळ्या बायका जीव तोडून शिवत होत्या, मागच्या जीव तोडून उसवत होत्या. पहिली रांग. ड्रायव्हर हजेरीचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून तपासनिसाच्या मागे चालत होता, परक्याच्या घरात शिरल्यासारखा चोरट्या पावलांनी. धाकटी चाक फिरवत होती आणि मनात त्याच्याबरोबर मोजत होती. पहिल्या रांगेच्या अठराव्या बाईपाशी तो पोहोचला तेव्हा ताईचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. दमली, धाकटीने मनात म्हटलं. दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीला ताईचा हात कापडावरून घसरला आणि मांडीवर पडला. धाकटी मोजत राहिली, चार, पाच, सहा. मग खांद्यावरचं वजन बदललं. झोपलेल्या माणसाचं वजन तिला ठाऊक होतं, लहानपणी एका अंथरुणात वाढलेल्या त्या दोघी. झोपलेलं माणूस थोडं तरी स्वतःला धरून असतं. हे तसं नव्हतं. ताईचा श्वास तिच्या गळ्याला लागत होता तो लागेनासा झाला. ती थांबली, वाट पाहिली. सोडायचं विसरतात कधी कधी, ताईच म्हणाली होती. सात, आठ, नऊ. अजून नाही. दहा.

ओरड तिच्या घशापर्यंत आली. अगदी जिभेच्या मुळाशी येऊन बसली. अकरा वर्षांच्या पोरीने ड्रायव्हरच्या दंडाचा चावा घेतला होता, हिने नुसतं तोंड उघडायचं होतं. आणि त्याच वेळी, त्याच डोक्यात, अगदी स्पष्ट, कुणीतरी आकडेमोड करत होतं: ओरडलं की सगळ्या उठतील, रांगा मोडतील, मोजणी मोडेल, तिसरी नाही. ताई गेली असेल तर गेली, ओरडून यायची नाही. आणि गेली नसेल तर? तो विचार तिने तिथेच टाकून दिला. उजवा हात चाकावर तसाच ठेवून तिने डावा हात ताईच्या पाठीमागून घातला, तिला कमरेशी घट्ट आवळून धरलं आणि त्याच हाताच्या बोटांनी तिचा घसरलेला हात कसाबसा ढकलून पुन्हा फळीवर आणला. बोटं कापडावर नीट पडली. इतकी वर्षं तिथेच पडायची, पडली. तपासनीस तिसऱ्या रांगेत वळला.

त्यांच्यापुढे येऊन तो थांबला. ताईकडे बघून त्याने भुवया उंचावल्या. "या बाईंना बरं नाही का?" "दमलीय," धाकटी म्हणाली. आवाज छान निघाला. "बहीण आहे माझी. लाडात आलीय." तपासनीस हसला, सर्दीने लाल झालेलं नाक रुमालाने टिपलं. "माझी पण अशीच आहे," तो म्हणाला. ताईपाशी टिक् झालं. मग त्याने धाकटीकडे पाहिलं, तिच्या चाकावरच्या हाताकडे पाहिलं, सुईखालच्या कॉलरीकडे पाहिलं, आणि त्याचा अंगठा हलला. टिक्.

आणि तिला बरं वाटलं. काय सांगायचं, तिला खरोखर बरं वाटलं. बागेतल्या संडासाचं दार फुटून उजेड आत यावा तसं झालं. खांद्यावर ताई होती आणि तिला बरं वाटत होतं. ते दोन-तीन क्षणच टिकलं असेल, पण पुरतं टिकलं. मग तिला कळलं की आपल्याला बरं वाटलंय, आणि तिचा चाकावरचा हात थांबला. पण तोवर तपासनीस पुढे गेला होता आणि आता चाक फिरलं काय, न फिरलं काय, कोणी बघत नव्हतं. चौथी रांग. पाचवी. उसवणीवाल्या. काटकुळीने आपल्यावर टिक् होताच हळूच म्हटलं, "मोजलंत ना नीट? बघा हं, मी बाजूने बघितलं तर दिसत नाही." दोघी-तिघी फिसकन हसल्या. दाराशी मामी. त्यानंतर कोणी नाही. ताईचे केस धाकटीच्या गालाला लागत होते, अजून ऊन होते, खिडकीतून येणाऱ्या उन्हाने.

"दोनशे," तपासनिसाने वाचलं.

साहेबांनी दोन्ही मुठी वर केल्या. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका रांगेने उचलल्या, मग दुसरीने, मग सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. बायका रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या. कुणीतरी ओरडलं, "हजेरीबाईंमुळे वाचलो गं!" आणि सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागल्या. ताई आता नुसती त्या एका हातावर तोललेली होती. हात काढला असता तर ती फळीवर गेली असती आणि तिथून खाली. साहेब रांगांमधून वाट काढत जवळ आले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी मान डोलावली, आणि तू का गप्प, तूही वाजव की, असं दोन्ही हातांनी हसत हसत खुणावलं. साहेबांनी सांगितलेलं तिने कधी मोडलं नव्हतं. धाकटीने चाकावरचा हात उचलला, ताईच्या कमरेमागचा हात काढून घेतला आणि टाळ्या वाजवल्या.